गर्दीतले डोळे

पुणे शहराच्या मध्यवस्तीत, शुक्रवार पेठेत, महात्मा फुले मंडईची अष्टकोनी वास्तू उभी आहे. १८८६ साली ती खुली झाली, तेव्हा मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून लोक तिला 'रे मार्केट' म्हणत. त्यापूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या पटांगणात भरत असे. गंमत अशी, की ज्या जोतीराव फुल्यांचे नाव पुढे या वास्तूला देण्यात आले, त्यांनी नगरपालिकेचे सभासद असताना तिच्यावर होणाऱ्या खर्चाला कडाडून विरोध केला होता. एवढा पैसा दगडविटांत घालण्यापेक्षा तो गोरगरिबांच्या मुलांच्या शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. भिंत उभारावी की माणूस शिकवावा, हा तो प्रश्न. मुलांच्या सुरक्षिततेचा विचार करताना तोच प्रश्न आज घराघरांतून पुन्हा उभा राहतो. दाराला दुहेरी कुलूप लागते, खिडकीला जाळी बसते, जिन्यात कॅमेरा येतो. पण गर्दीत एकट्याने कसे वावरावे हे मुलाला सांगावयास कोणाला सवड नसते.

अकरा-बारा वर्षांच्या मुलाला वा मुलीला 'मंडईतून मेथीची जुडी घेऊन ये' असे सांगताना आज पुष्कळ घरांतील वडीलधारी माणसे कचरतात. त्यांची भीती अनाठायी आहे असे म्हणता येणार नाही. रस्त्यावर वाहनांची रीघ असते, गर्दीत खिसेकापू असतात आणि वाईट हेतूने जवळ येणारी माणसेही असतात. तथापि मुलाला घरातच ठेवणे हा या भीतीवरचा उपाय नव्हे. ज्याला कधी पाण्यात उतरू दिले नाही, त्याला एखाद्या दिवशी पाण्यात उतरावे लागलेच, तर तो गटांगळ्याच खाणार. मंडई हे तर गर्दीत पोहावयास शिकण्याचे उत्तम ठिकाण आहे. एवढ्या गर्दीला उत्तम म्हणावे, याचे कोणालाही नवल वाटेल. पण त्याला कारण आहे.

मंडईतील भाजीवाले जमिनीवर नव्हे, उंच ओट्यांवर बसतात. गिऱ्हाईक खाली उभे आणि विक्रेता वर, अशी तेथील रचना. माल नीट मांडता यावा हा तिचा हेतू असेल. परंतु त्यामुळे विक्रेत्याला माणसांच्या डोक्यांवरून दूरवर दिसते. वाटाण्याच्या ढिगामागे बसलेल्या मावशींना समोरच्या वाटेने कोण गेले, कोण तीनदा परत आले, कोणते पोर आईचा पदर सुटून रडवेले झाले, हे तागडी हातात धरल्याधरल्या कळते. अमेरिकेतील लेखिका जेन जेकब्ज यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात नेमकी हीच गोष्ट मांडली. रस्ता सुरक्षित राहतो तो केवळ पोलिसांमुळे नव्हे. दुकानदार, शेजारी आणि नेहमी येणारेजाणारे यांचे डोळे रस्त्याकडे लागलेले असतात म्हणून तो सुरक्षित राहतो, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. न्यूयॉर्कच्या वस्तीचे निरीक्षण करून त्यांनी जे सांगितले, ते मंडईतल्या कोणत्याही जुन्या गाळेवाल्याला नवे वाटणार नाही.

म्हणून मुलाने दर वेळी नव्या ठिकाणी स्वस्त भाजी शोधीत हिंडण्यापेक्षा दोनचार विक्रेत्यांशी ओळख ठेवावी, हे शहाणपणाचे. पावशेर मिरच्या घेताना होणारी चार शब्दांची विचारपूस पुढे कधी ढालीसारखी उपयोगी पडेल, ते सांगता येत नाही. 'मावशी, तो माणूस माझ्या मागे मागे येतो आहे', एवढे म्हणावयास एक ओळखीचा चेहरा पुरेसा होतो.

मात्र डोळे आहेत एवढ्याने काम भागत नाही. पाहणारे पुष्कळ आणि हलणारा कोणी नाही, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. अशा जमावाला मराठीत 'बघे' असा नेमका शब्द आहे. यामागील कारणाचा शोध जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांनी न्यूयॉर्कमध्ये घेतला व १९६८ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ध्वनियंत्रावरून एकमेकांशी बोलावयास लावले. मध्येच एकाला झटका आल्याचा आवाज ऐकू येई. तो आवाज वस्तुतः आधीच ध्वनिमुद्रित केलेला होता. हे आपण एकटेच ऐकत आहोत, असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी शेकडा ८५ जण आवाज संपण्यापूर्वीच मदत मागावयास धावले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी मात्र शेकडा ३१ जणच उठले. उरलेले दुष्ट होते काय? मुळीच नव्हे. 'दुसरा कोणी तरी जाईल' असे प्रत्येकाला वाटले, इतकेच. जबाबदारी वाटली गेली की प्रत्येकाच्या वाट्याला ती इतकी थोडी येते, की कोणालाच तिचे ओझे जाणवत नाही.

यातून संकटात सापडलेल्या मुलाने घ्यावयाचा बोध अगदी व्यवहारी आहे. नुसते 'वाचवा, वाचवा' असे हवेत ओरडण्यापेक्षा एका माणसाकडे बोट दाखवून बोलावे : 'अहो, निळा सदरा घातलेले काका, हा माणूस मला ओढतो आहे, मला मदत करा!' नाव घेतल्यासारखे झाले की त्या काकांना बघ्यांत लपता येत नाही. आणि 'हा माणूस माझ्या ओळखीचा नाही', हे तर मोठ्याने सांगितलेच पाहिजे. नाही तर बापलेकांचे भांडण समजून लोक आपापल्या वाटेने निघून जातात.

येथे एक अडचण आहे, आणि ती मुलांच्या स्वभावात नसून मोठ्यांच्या शिकवणुकीत आहे. चारचौघांत आवाज चढवू नये, मोठ्यांना उलट बोलू नये, मुलींनी तर मान खाली घालून चालावे, असे वर्षानुवर्षे सांगत राहावयाचे आणि प्रसंग आला म्हणजे तिने सिंहिणीसारखी गर्जना करावी अशी अपेक्षा धरावयाची, हे कसे जमावे? गर्दीचा फायदा घेऊन कोणी नकोसा स्पर्श करतो, तेव्हा लाज वाटावयास हवी ती त्याला. प्रत्यक्षात मान खाली जाते ती मुलीची, आणि मुलगा असेल तर तो कोणाला सांगतच नाही. अशा स्पर्शाविरुद्ध २०१२ साली कायदा झाला असून अठरा वर्षांखालील मुलगे व मुली या दोघांनाही त्याचे सारखेच संरक्षण आहे. परंतु कायद्याची वाट तोंडातून निघालेल्या शब्दापासून सुरू होते. घरी येऊन मुलाने अशी हकीकत सांगितली आणि 'तू तिकडे गेलासच कशाला?' असा पहिला प्रश्न झाला, तर दुसरी हकीकत त्या घरात कधी सांगितली जाणार नाही. मंडईत भेटणाऱ्या भामट्यापेक्षा घरातला हा प्रश्न अधिक घातक होय.

गर्दीचे स्वतःचेही एक सामर्थ्य असते, आणि ते कोणाच्याही दुष्ट हेतूवाचून प्राण घेऊ शकते. सातारा जिल्ह्यात वाईजवळ मांढरदेवीच्या यात्रेत २५ जानेवारी २००५ रोजी सुमारे ३०० भाविक मृत्युमुखी पडले. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी पावसात अडकलेल्या गर्दीत २३ जणांचा अंत झाला. अशा वेळी माणसे पायांखाली तुडवली जाऊनच मरतात, असा समज आहे. वस्तुतः पुष्कळांचा श्वास उभ्या उभ्याच कोंडतो, कारण चहूबाजूंच्या दाबाने छातीला फुगावयास जागा राहत नाही. म्हणून गर्दी दाटू लागताच दोन्ही हात कोपरांत वाकवून छातीपुढे धरावेत. पायातली चप्पल गेली तर जाऊ द्यावी, ती घेण्यासाठी वाकू नये. लोटा उलटवू नये. लोट ओसरला, की तिरपे सरकत कडेला यावे. गणेशोत्सवातील रात्री मंडईच्या परिसरात हे ज्ञान पुस्तकातील कित्येक धड्यांहून उपयोगी ठरते.

खिशातील पैशांविषयी फार सांगावयास नको. ते दोन ठिकाणी ठेवावेत आणि धक्का देणाऱ्याकडे पाहण्याआधी खिशाला हात लावावा. हल्ली भाजीवाल्याला पैसेही भ्रमणध्वनीवरून दिले जातात. त्याचा गुप्त क्रमांक कोणालाही सांगू नये, मग विचारणारा स्वतःला बँकेचा साहेब म्हणवो वा पोलीस. बेवारस पिशवी किंवा डबा दिसला तर कुतूहल आवरून दूर व्हावे व मोठ्यांना कळवावे. मंडईपासून पायी काही मिनिटांवर असलेल्या फरासखाना पोलीस ठाण्याच्या आवारात १० जुलै २०१४ रोजी उभ्या मोटारसायकलीत ठेवलेल्या बाँबचा स्फोट होऊन माणसे जखमी झाली होती, हे तेथील लोक विसरलेले नाहीत. पोलिसांना बोलावण्यासाठी ११२ आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे दोन क्रमांक पाढ्यांप्रमाणे पाठ असावेत. भ्रमणध्वनीत ते नोंदवलेले असले तरी तो हरवला म्हणजे काय करणार? आईवडिलांचा क्रमांकही याच कारणाने तोंडपाठ हवा.

कुटुंबाने मिळून ठरवावयाच्या गोष्टी दोनच. पहिली, एक खुणेचा शब्द. 'तुझ्या आईने मला तुला आणावयास पाठवले आहे', असे म्हणणाऱ्या अनोळखी माणसाला तो शब्द विचारावा. त्याला तो सांगता आला नाही, तर त्याच्याबरोबर एक पाऊलही टाकू नये. अर्थात तो शब्द घराबाहेर फुटता कामा नये. धाकट्या भावंडांच्या पोटात तो किती दिवस राहतो, याची मधूनमधून परीक्षा घेतलेली बरी. दुसरी गोष्ट, चुकामूक झाल्यास भेटावयाची जागा. हरवलेले मूल आईला शोधीत एका दिशेने फिरते, आई मुलाला शोधीत दुसऱ्या दिशेने फिरते, आणि दोघांची गाठ पडत नाही. मुलाने ठरलेल्या जागी थांबून राहावे. शोधणे हे मोठ्यांचे काम. मंडईत अशी जागा शोधावी लागत नाही. तेथील लोकमान्य टिळकांचा पुतळा कोणीही दाखवील. विसर्जनाच्या दिवशी मात्र मिरवणूक तेथूनच निघते, आणि पुतळ्याभोवती मुंगीलाही शिरावयास वाव नसतो. तेव्हा त्या एका दिवसापुरती जागा दुसरी ठरवावी लागते, आणि ती घरातून निघण्यापूर्वी ठरवावी लागते.