उन्हातील काम आणि डोळ्यांची जपणूक

काळा चष्मा ही शहरी माणसाची चैन आहे, असा समज आपल्या खेड्यांत दृढ झालेला आहे. चष्मा लावून खुरपणीस बसणाऱ्यास चारचौघे हसतात. माझ्या मते हा समज शेतकऱ्यास फार महाग पडतो. ज्याचा सारा दिवस उघड्या रानात जातो, त्यालाच या चष्म्याची गरज कचेरीतील माणसापेक्षा अधिक आहे.

सूर्यप्रकाशात डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण असतात. त्यांचा परिणाम वर्षानुवर्षे साचत जातो आणि मोतीबिंदू होण्यास हातभार लावतो. तसेच बुबुळाच्या कडेस, बहुधा नाकाच्या बाजूने, मांसल पडदा वाढू लागतो व कधी कधी तो बुबुळावर चढून दृष्टी अडवितो. ऊन, वारा व धूळ यांत राबणाऱ्यांत हा विकार विशेष आढळतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत विनामूल्य होते, मग आधीपासून काळजी कशाला, असे काही जण विचारतात. परंतु शस्त्रक्रियेपूर्वी अंधूक दृष्टीने काढलेली वर्षे कोण भरून देणार? कापून काढलेला मांसल पडदा तर पुष्कळदा पुन्हा वाढतो. बैलाच्या डोळ्यास पाणी येऊ लागले की आपण त्याच दिवशी पशुवैद्याकडे जातो. स्वतःच्या डोळ्यांचे मात्र दोन ओंजळी पाण्यावर भागवितो!

आपला पटका किंवा गांधी टोपी डोक्याचे रक्षण करते, पण पुढे कड नसल्यामुळे डोळ्यांवर सावली पडत नाही. स्त्रिया पदर कपाळावर पुढे ओढून घेतात, ती रीत अधिक शहाणपणाची आहे. रुंद कडेच्या टोपीने डोळ्यांपर्यंत पोचणारे अतिनील किरण सुमारे निम्म्याने कमी होतात. उरलेले किरण आकाशातून चोहो बाजूंनी आणि जमिनीवरून उलटून येतात. विरळ ढगांतूनही ते उतरतात. त्यांच्यासाठी चष्मा हवा, विशेषतः सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत.

चष्मा घेताना मात्र सावध राहावे. काच जितकी काळी तितके संरक्षण अधिक, हे खरे नाही. अतिनील किरण न अडविणाऱ्या गडद काचेमागे डोळ्याची बाहुली रुंदावते आणि अपायकारक किरण अधिकच आत शिरू शकतात. बाजारातील असा चष्मा नसलेलाच बरा. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडविणारी, म्हणजे 'यूव्ही ४००' प्रतीची, काच मागावी. नुसत्या चिकटपट्टीवर विसंबू नये. पुष्कळ चष्मेवाल्यांकडे तपासणीचे लहान यंत्र असते, त्यावर काच समक्ष तपासून घ्यावी. काच रंगीत असलीच पाहिजे असेही नाही. पॉलिकार्बोनेटची पारदर्शक काचदेखील हे किरण अडविते, आणि संध्याकाळच्या कामात तीच सोयीची. चष्मा कानशिलापर्यंत वळलेला असल्यास बाजूचे ऊन व धूळही अडते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांना हे सांगण्यापूर्वी स्वतः चष्मा लावून शिवारात हिंडावे. चेष्टा होईल ती पहिले चार दिवस. खत-बियाण्यांच्या सभेत पाच मिनिटे या विषयास द्यावीत. औषध फवारताना मात्र हा चष्मा पुरेसा नाही. तेथे चोहो बाजूंनी बंद असलेला संरक्षक चष्माच हवा. आणि ग्रहणाच्या वेळी सूर्याकडे पाहण्यास तर तो मुळीच चालणार नाही.