कथेतला निवेदक कुठल्या गावचा?

मराठी ग्रामीण कथेत एक गंमत वर्षानुवर्षे चालत आली आहे. पात्रे बोलतात गावाकडची बोली आणि त्यांची हकिकत सांगणारा मात्र बोलतो थेट पाठ्यपुस्तकातली भाषा. 'काय करायलास रं?' असे शेतकरी विचारतो आणि पुढच्याच ओळीत निवेदक कळवतो की, 'तो विषण्ण मनाने उद्गारला.' विषण्ण होणे आणि उद्गारणे, लातूर-नांदेडच्या शिवारात या दोन्ही गोष्टी कुणी करत नाही. अवतरणचिन्हांच्या आत गाव, बाहेर शहर. लिहिणारा बहुधा त्याच गावचा असतो, पण लेखणी हातात घेतली की परीटघडीचे कपडे घालून ओसरीवर जरा वेगळा बसतो.

ही वाटणी नेहमीच चुकीची असते असे नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त गोष्ट सांगणारा बाहेरून आलेला शाळामास्तर आहे. त्याने प्रमाण मराठीत सांगावे हेच बरोबर. उद्धव शेळके यांच्या 'धग'मध्ये संवाद वऱ्हाडी आणि निवेदन प्रमाण आहे, तरी कौतिक वाचकाला सोडत नाही. पण शेळक्यांची पकड प्रत्येकाकडे नसते. इतरांच्या हातात ही वाटणी म्हणजे केवळ सवय उरते. निवेदक कोण, कुठला, त्याचे या माणसांशी नाते काय, हा प्रश्न लेखकाने स्वतःला विचारलेलाच नसतो.

तो प्रश्न ज्यांनी विचारला त्यांत लातूरच्या मातीतले नाव मोठे आहे. रा. रं. बोराडे यांचा जन्म २५ डिसेंबर १९४० चा, गाव काटगाव. तेव्हा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता; लातूर जिल्हा झाला तो १९८२ मध्ये. १९७१ मध्ये त्यांची 'पाचोळा' ही कादंबरी आली. गंगाराम शिंप्याच्या संसाराची वाताहत ती सांगते, आणि सांगते कोण, तर गंगारामची बायको. पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच बोलते, तिच्याच बोलीत. मधे कुणी शहाणा माणूस येऊन 'गावातील बलुतेदारीचा ऱ्हास होत होता' वगैरे समजावून देत नाही. गंगाराम मानी आहे, हट्टी आहे, हे आपल्याला कळते ते त्याच्यासोबत राहून दमलेल्या, तरी त्याचीच असलेल्या बाईच्या बोलण्यातून. तिची तक्रार आणि तिची माया एकाच वाक्यात येतात. प्रमाण भाषेतल्या निवेदकाला या दोन गोष्टींसाठी दोन परिच्छेद लागले असते, आणि तरी बाई हाती लागली नसती.

त्याच वर्षी, कोल्हापूरकडच्या बोलीत, आनंद यादवांचा 'गोतावळा' आला. तिथे शेतगडी नारबा बोलतो. दोन टोकांच्या दोन लेखकांनी एकाच सुमारास गोष्ट सांगण्याचा मान गावातल्या माणसाकडे दिला. जगात हे आधी घडले नव्हते असे नव्हे. मार्क ट्वेनने 'हकलबेरी फिन' एका अर्धशिक्षित पोराच्या तोंडी सोडली, तर १८८५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्डच्या ग्रंथालयाने ती गावंढळ म्हणून कपाटाबाहेर काढली. आपल्याकडे कुणी पुस्तक बाहेर काढत नाही. 'बोलीचा वापर जरा कमी केला तर बरे' एवढेच गोड शब्दांत सुचवले जाते.

आता बोली वापरली की काम झाले, असाही एक भाबडा समज आहे. तो तपासून पाहता येतो. प्रसंग साधा घेऊ: नापिकीचे साल, सोसायटीचा माणूस वसुलीला दारात आला आहे. एक लेखक लिहील, 'त्याला पाहताच तिला अत्यंत अपमानित वाटले.' दुसरा त्या बाईलाच बोलू देईल: 'सोसायटीचा माणूस आला. बसा म्हणलं. पाणी दिलं. तांब्या रिकामा व्हईस्तोर त्यो कायबी बोलला न्हाई, अन् मीबी.' अपमान हा शब्द इथे नाही, पण तो त्या तांब्याभोवतीच बसलेला आहे. आता हेच शुद्ध करून पाहू: 'बसा म्हटले. पाणी दिले. तांब्या रिकामा होईपर्यंत तो काही बोलला नाही आणि मीही.' अवघडलेपण जवळपास तसेच राहिले. गेली ती बाई. ती कोण, कुठली, तिचा आवाज कसा, हे पुसले गेले.

म्हणजे वातावरण उभे राहते ते वाक्यांच्या चालीतून: काय आधी सांगितले, काय गाळले, कुठे थांबले यातून. माणूस उभा राहतो तो त्याच्या जिभेवर. ज्यांना पहिली गोष्ट जमत नाही ते दुसरीवर भार टाकतात; मग पानभर 'लई', 'म्या' आणि 'न्हाई' पेरले जाते, आणि सगळी पात्रे एकाच साच्यातली निघतात. खऱ्या गावात पाटील, कीर्तनकार, तलाठ्याकडे खेटे घालणारा म्हातारा आणि नळावरची सासुरवाशीण सारखे बोलत नाहीत.

हे लक्ष्मण देशपांडे यांना पक्के ठाऊक होते. औरंगाबादच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या या माणसाने 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने बावन्न पात्रे उभी केली. ना सजावट, ना वेशांतर. प्रेक्षक पोट धरून हसत, पण हसू येई ते माणसांच्या तऱ्हांचे, त्यांच्या बोलीचे नव्हे. पुढे चित्रपट-मालिकांनी यातली बोली तेवढी उचलली. मराठवाडी बोलणारा म्हणजे नायकाचा विनोदी मित्र, असे समीकरण झाले. मकरंद अनासपुरे यांच्यामुळे ही बोली घराघरांत गेली, हे त्यांचे श्रेय आहेच. पण त्यांच्या मागून आलेल्यांनी फक्त हेल उचलला. या बोलीत कुणी रागावू शकतो, प्रेमात पडू शकतो, तत्त्वाची गोष्ट करू शकतो, हे पडद्यावर क्वचितच दिसते. भास्कर चंदनशिव यांच्या 'लाल चिखल'मध्ये भाव पडल्यावर भर बाजारात स्वतःचे टोमॅटो तुडवणारा बाप आहे. ती कथा वाचून कुणाला हसू आल्याचे ऐकिवात नाही.

हसू होण्याची भीती इथल्या पोरांना लवकर कळते. 'लातूर पॅटर्न'च्या शिकवण्यांतून पुण्याला पोचलेला मुलगा पहिल्या सहामाहीत 'करायलोय'चे 'करतोय' करून टाकतो. त्यात वावगे काही नाही, पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण हाच मुलगा पुढे लिहू लागला, की पहिल्या पानापासून निवेदक पुण्याचा होतो. आईवर लिहितो तेव्हासुद्धा.

माणसे वेगळी करायला बोलीच हवी असेही नाही. नांदेडचे नाटककार दत्ता भगत यांच्या 'वाटा पळवाटा'त आंबेडकरी चळवळीतल्या तीन पिढ्या समोरासमोर येतात. बाबासाहेबांचा काळ पाहिलेले काका, प्राध्यापक सतीश, तापलेला तरुण अर्जुन. तिघांना वेगळे करते ती वाद घालण्याची रीत. एक अनुभवाच्या बळावर बोलतो, दुसरा दोन्ही बाजू तोलतो, तिसऱ्याला तेवढा वेळ नाही. 'खास मराठवाडी' रंगाच्या मागे लागलेल्या नव्या लेखकांनी हे नाटक आवर्जून वाचावे.

आणि मराठवाडी म्हणजे तरी एक बोली कुठे आहे? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत, म्हणजे निजामाची राजवट संपेपर्यंत, इथल्या राज्यकारभाराची आणि शिक्षणाची भाषा उर्दू होती. निलंगा-उदगीरकडे कानडी मिसळते, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, आणि दखनी तर सगळीकडेच. 'गुत्तेदार' म्हणजे कंत्राटदार, हे पुण्याच्या वाचकाला समजावून सांगावे लागते. इथे त्याच्याशिवाय रस्ता होत नाही. बोराड्यांनी लातूरकडच्या बाईला कादंबरीभर बोलू दिले, त्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली. ते स्वतः ११ फेब्रुवारी २०२५ रोजी गेले. सीमेवरची ही सरमिसळ मात्र संवादात चवीपुरतीच येत राहिली आहे. धर्माबादच्या मिरची बाजारातला एखादा मुनीम घ्या. गिऱ्हाइकाशी तो तेलुगूत घासाघीस करणार, हिशेब मराठीत मांडणार आणि हमालावर दखनीत खेकसणार. त्याची कादंबरी त्यानेच सांगायची ठरवली, तर पहिले वाक्य कोणत्या भाषेत पडेल हे देगलूर-धर्माबादच्या लेखकाने ठरवायचे आहे, आणि संपादकाने त्यावर लाल पेन चालवण्याआधी ते एकदा मोठ्याने वाचायचे आहे.