तेलाचा ताप आणि ऑपरेटरचा पगार



गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रविवारची बुद्धवंदना आटोपली आणि आम्ही काही जण विहाराच्या ओट्यावर वर्गणीचा हिशेब मांडून बसलो होतो. आमच्या नगरातला एक तरुण बाजूला येऊन उभा राहिला.

"जयभीम काका. थोडं बोलायचं होतं."

हा पोरगा बॅकहो लोडरवर ऑपरेटर आहे. कंपनी कोणतीही असो, आपण सारे ज्याला जेसीबीच म्हणतो, ते यंत्र. वडील नाहीत. आई रोजंदारीने शेतात जाते. बहीण बारावी झाली, नर्सिंगला जायचे म्हणते. घर याच्या पगारावर चालते.

"मुरमाचा टिप्पर फसला होता, तो ओढायला लावला. मशीन ओढेनाच झाली. मिस्त्रीनं खोललं तर टॉर्क जळालेला, तेल काळं पडलेलं. मालक म्हणायलेत, तू जाळलास, तूच भर. दोन महिन्यांचा पगार अडकवलाय."

मी विचारले, "जळायच्या आधी मशीननं काहीच सांगितलं नाही का?"

"चार दिवस लाल लाईट लागायली होती काका. मालकाला बोललो. ते म्हणले, बिल निघायचंय, काम थांबवू नको."

"हे कुठं लिहून ठेवलंस?"

पोरगा खाली मान घालून गप्प बसला.

मी कारकून माणूस. बी.कॉम. झालो तेव्हा जमा-नावे कळते, पण टॉर्क कळत नव्हता. म्हणून त्याला घेऊन एका निवृत्त रेल्वे फिटरकडे गेलो. पूर्णा हे जंक्शनचे गाव. यंत्राची नाडी जाणणारी जुनी माणसे इथे अजून आहेत. त्यांच्याकडून आणि नंतर कंपनीच्या पुस्तकातून जे समजले, ते आज लिहितो. कारण आता आपल्या घरोघरी एखादा तरी ड्रायव्हर किंवा ऑपरेटर आहे. कोणी उसाच्या ट्रॉल्या ओढतो, कोणी हायवा चालवतो, कोणी आखातात जाऊन ऑटोमॅटिक गाडी चालवतो.

दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा. त्याच्या वाऱ्याने समोरचा बंद फॅनही फिरू लागतो. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे हेच. फक्त वाऱ्याऐवजी तेल. इंजिनाचा पंखा तेल फेकतो, त्या तेलाच्या जोराने समोरचा पंखा फिरतो आणि चाकांना ताकद मिळते. आता समोरचा पंखा हाताने धरून ठेवला तर? पहिला फिरतच राहील, पण काम काही होणार नाही. चाके फसलेली आणि पाय अ‍ॅक्सिलेटरवर असला की असेच होते. इंजिनाची सगळी ताकद तेल घुसळण्यात जाते आणि तेल तापते. सपाट रस्त्यावर तासाभरात चढणार नाही एवढा ताप अशा वेळी मिनिटा-दोन मिनिटांत चढतो.

किती ताप चालतो? माणसाच्या अंगाचा ताप जसा आकड्यात सांगतात, तसाच हाही आकड्यातच सांगावा लागतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल नेहमीच्या चालीत साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस असते. मागे ओझे जोडले, घाट चढला, तर ते १०० ते ११० पर्यंत जाते. थोडा वेळ असे चालते. १२० च्या पुढे गेले की थांबलेच पाहिजे. १३० च्या पुढे रबरी सील कडक होऊ लागतात, क्लच प्लेटा जळू लागतात. यंत्रागणिक यात थोडा फरक पडतो, म्हणून आपल्या यंत्राच्या पुस्तकातला आकडा शेवटचा मानावा.

ढोबळ नियम असा, की चांगल्या तापमानाच्या वर दर दहा अंशांना तेलाचे आयुष्य निम्मे होते. समजा ९० अंशांवर एखादे तेल १००० तास टिकते. मग १०० वर ५००, ११० वर २५० आणि १२० वर १२५ तास. सावकाराचे चक्रवाढ व्याज जसे वाढत जाते, तसे हे घटत जाते.

आपल्या भागाचा उन्हाळा यात भर घालतो. तेल थंड होते ते कूलरच्या जाळीतून जाणाऱ्या हवेने. तेल ९० वर आणि बाहेर जानेवारीची २५ अंशांची हवा असेल तर फरक ६५ चा. मे महिन्यात बाहेर ४३ असेल तर फरक ४७ चाच राहतो. म्हणजे हिवाळ्यात रुपयाभर थंडावा मिळत असेल तर उन्हाळ्यात बहात्तर पैसेच मिळतो. त्यात जाळी काळ्या मातीच्या धुळीने आणि भुसकटाने बुजलेली असेल तर बोलायलाच नको. तेल कमी पडले तरी ताप वाढतो आणि जास्त भरले तरी फेस होऊन वाढतो.

साध्या गिअरच्या ट्रकला आणि ट्रॅक्टरला हा टॉर्क नसतो. तिथे ताप क्लचमध्ये साठतो. दोन ट्रॉल्या ऊस भरून चढावर हाफ क्लचवर उभे राहणे म्हणजे प्लेट जाळणे. नव्या काही ट्रकांत गिअर आपोआप पडतात. त्यांतही बहुधा आत साधाच क्लच असतो, तो फक्त संगणक दाबतो. त्यामुळे तीच काळजी तिथेही घ्यावी.

लाल दिवा लागला तर काय करावे? ओढणे ताबडतोब थांबवावे. यंत्र न्यूट्रलमध्ये घ्यावे. इंजिन लगेच बंद करू नये. थोडी रेस ठेवून काही मिनिटे चालू द्यावे, म्हणजे तेल कूलरमधून फिरत राहते आणि काटा खाली येतो. काटा उतरलाच नाही, जळका वास आला किंवा तेल गळताना दिसले, तर मात्र इंजिन बंद करून मिस्त्रीला बोलवावे. बंद पडलेले असे यंत्र चाकांवर लांब ओढत नेऊ नये. इंजिन बंद म्हणजे तेलाचा पंप बंद; आतले गिअर कोरडे फिरतात आणि उरलेसुरलेही जाते.

आता पोराच्या पगाराकडे वळू. आम्ही तिघे जण मालकाकडे गेलो. भांडलो नाही. तीनच प्रश्न विचारले. तेल शेवटचे कधी बदलले? कूलरची जाळी कधी साफ केली? दिवा लागतो हे कळल्यावर काम चालू ठेवा असे कोणी सांगितले? मालकाने जुनी बिले काढली. यंत्रावरच्या तासांच्या मीटरशी ती ताडून पाहिली, तेव्हा तेल बदलायची वेळ कधीच उलटून गेली होती, हे त्यालाही दिसले. तिसऱ्या प्रश्नावर मात्र तो म्हणाला, "हा मला काही बोललाच नाही." आमच्याकडे कागद नव्हता. एका महिन्याचा पगार त्याच दिवशी मिळाला. दुसऱ्याचा निम्माच मिळाला, तोही दिवाळीला. बहिणीचा प्रवेश त्या वर्षी राहिला. एक ओळ लिहिलेली असती तर कदाचित राहिला नसता.

कायदा काय म्हणतो तेही ध्यानात ठेवा. नुकसानीपोटी पगार कापायचा असेल तर ते नुकसान थेट कामगाराच्या हयगयीमुळे झालेले असावे लागते आणि त्याला आधी आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. नुकसानीपेक्षा जास्त रक्कम कापता येत नाही. हे १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमात होते आणि त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पण म्हणणे मांडायचे तर पुरावा लागतो.

म्हणून माझी प्रत्येक ड्रायव्हर-ऑपरेटर बांधवाला विनंती आहे. एक साधी वही करा. तारीख, मीटरचे तास, तेलाची पातळी, काट्याचा आकडा किंवा दिवा, आणि मालकाला काय सांगितले ते. रोज पाच ओळी. मालकाला फोनवर लेखी निरोपही पाठवा, म्हणजे तारीख-वेळ राहते. लिहायचा कंटाळा येत असेल तर घरच्या शिकलेल्या लेकीला किंवा पत्नीला संध्याकाळी सांगा, त्या लिहितील.

१९३८ च्या फेब्रुवारीत बाबासाहेब मनमाडला आले होते. आपल्या पूर्णेहून जी गाडी जाते त्याच मार्गावरचे मनमाड. तिथे जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी सांगितले, की आपल्या माणसाला गँगमनच्या कामावरच अडवून ठेवतात, वरच्या जागांवर येऊ देत नाहीत. तेव्हा आपल्याला यंत्राला हात लावू देत नव्हते. आज यंत्र आपल्या हातात आहे, पण त्याचे पुस्तक मालकाच्या कपाटात असते. ते पुस्तक मागून घ्या आणि वाचा. तथागतांनी कालामांना हेच सांगितले, की ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पडताळून पाहा. यंत्राच्या बाबतीत पडताळणे म्हणजे काटा पाहणे आणि लिहून ठेवणे.

तो पोरगा आता दुसरीकडे कामाला आहे. परवा विहारात भेटला. खिशातून छोटी वही काढून दाखवली. काल दुपारी तीन वाजता तेल ९६ वर, जाळी साफ केल्यावर ८८, असे त्यात लिहिले होते. अक्षर बहिणीचे होते.

जयभीम! नमो बुद्धाय!