‘वाचले’ म्हणजे काय?

गेली काही वर्षे मी वाचलेल्या पुस्तकांची नोंद एका वहीत ठेवत आलो आहे. वहीला चार रकाने: तारीख, पुस्तक, लेखक आणि शेरा. शेऱ्याचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा आहे. नाहीतर ‘उत्तम’, ‘कंटाळवाणे’, ‘पुन्हा वाचावे’ असे काहीतरी त्यात खरडलेले आहे. वर्षअखेरीस बेरीज करून स्वतःवर खूश होणे, यापलीकडे या वहीचा मला फारसा उपयोग झालेला नव्हता. मागच्या पावसाळ्यात मात्र तिचा अपुरेपणा मला भर वर्गात भोवला.

विषय होता विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. कोकणातल्या वरसईचा एक भिक्षुक 1857 साली द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघतो, बंडाच्या धामधुमीत सापडतो आणि झाशीचा वेढा शहरात राहून पाहतो. मी त्या गद्यावर बोलत होतो. जुन्या वळणाच्या भटजीबुवांनी इतके सरळ, आजही न अडखळता वाचता येणारे मराठी कसे लिहिले असेल, असे काहीसे माझे विवेचन रंगात आले होते. तेवढ्यात एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, तुम्ही कोणती प्रत वाचली आहे? माझ्या पुस्तकातली भाषा अशी नाही.”

उत्तर मला ठाऊक असायला हवे होते. चिंतामण विनायक वैद्य यांनी 1907 मध्ये हे पुस्तक प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी गोडसे भटजींच्या भाषेवरून सढळ हाताने लेखणी फिरवली होती आणि काही मजकूर गाळलाही होता. मूळ हस्तलिखिताबरहुकूम संहिता वाचकांना मिळाली ती दत्तो वामन पोतदार यांच्या संपादनामुळे, 1966 साली. म्हणजे ज्या गद्याचे श्रेय मी गोडसे भटजींना देत होतो, त्यातले बरेचसे वैद्यांचे होते. घरी येऊन वही उघडली. तिथे होते: ‘माझा प्रवास – गोडसे – उत्तम’. उत्तम काय, कोणाचे?

आवृत्तीची नोंद हे संशोधकांचे काम, आपण रसिक वाचक, असे आपण मानत आलो आहोत. मला ते आता पटत नाही. भाषेविषयी मत द्यायचे असेल, तर ती भाषा कोणाच्या हातून आपल्यापर्यंत आली हे माहीत असणे रसिकालाही चुकत नाही.

त्या रात्री वही चाळताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वहीत कुठेच नव्हती, आणि मी तर ती ‘वाचलेली’ धरून चाललो होतो. आठवून पाहिले तेव्हा उमगले की पाठ्यपुस्तकातला उतारा, दोन-चार समीक्षालेख आणि इतरांच्या तोंडचे प्रसंग, एवढेच माझ्या पदरी होते. वडिलांचे सोवळ्याचे वेड मला ठाऊक होते. टिळकांचे 1895 मधले धर्मांतर आणि त्यानंतरची ताटातूटही ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती सांगणारीची तऱ्हा. स्वतःच्या फजितीवर ती जितकी मोकळेपणाने हसते, तितक्याच सहजपणे नवऱ्याच्या लहरींवरही. आणि हसता हसता मध्येच एखादे वाक्य असे येते की पुस्तक मिटून बसावे लागते. हे कोणत्याही उताऱ्यात मावणारे नाही. आपल्यापैकी कितीजणांची, विशेषतः शिकवणाऱ्यांची, किती ‘वाचलेली’ पुस्तके या जातीची असतील? अभ्यासक्रम पुरा करायच्या घाईत ही सवय लागते, हे मान्य. पण वर्गातल्या मुलांना ती आपल्याकडूनच लागते.

म्हणून मी रकाने बदलले आहेत. संपवल्याची तारीख आता गौण. कोणती आवृत्ती, पूर्ण की अंशतः, अर्धवट सोडले असल्यास कोणत्या पानावर आणि का, हे आधी लिहितो. सोडलेल्या पुस्तकांच्या नोंदी सर्वांत बोलक्या निघतात. ‘कोसला’ मी विशीत वाचली तेव्हा पुण्यातल्या वसतिगृहाच्या भागावर खुणा केल्या होत्या आणि मनीच्या मृत्यूची पाने जवळजवळ चाळून पुढे गेलो होतो. यंदा पुन्हा हाती घेतली, तेव्हा त्याच पानांवर थांबलो आणि आठवडाभर पुढे सरकलो नाही. ही दोन्ही वाचने ‘वाचले’ या एकाच शब्दात कशी बसवायची?

कवितासंग्रहांचे काय करावे हे मात्र मला अजून उमगलेले नाही. मर्ढेकर ‘संपले’ असे कोणत्या तारखेला लिहिणार? तूर्त ते वहीबाहेरच आहेत. नोंदीच्या धाकाने वाचनाची गंमत जाते अशी एका सहकाऱ्याची तक्रार आहे. कवितेपुरती तरी मला ती मान्य आहे.

‘माझा प्रवास’पुढचा जुना ‘उत्तम’ मी खोडलेला नाही. त्याच्याखाली लहान अक्षरांत लिहिले आहे: ‘हा शेरा वैद्यांच्या प्रतीला’. पोतदारांची प्रत सध्या वाचतो आहे. ती सावकाश वाचावी लागते, लांबच लांब वाक्यांत वाट चुकते, आणि खरे सांगायचे तर वैद्यांची प्रत मला अजूनही अधिक गोड लागते. तेही वहीत लिहिले आहे. पोतदारांच्या प्रतीपुढचा रकाना अद्याप कोरा आहे.