फोनवरचा आवाज पारखून घ्या

मैत्रिणींनो, पाचशेची नोट आपण उजेडाला धरून पाहतो, सोनं घेताना हॉलमार्क पाहतो. मग फोनवरचा आवाज तेवढा न पारखता खरा कसा मानायचा?

जानेवारी २०२४ मधली गोष्ट. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात २३ तारखेला, मंगळवारी, अध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्यासाठी पक्षांतर्गत मतदान होतं. दोनच दिवस आधी हजारो घरांतले फोन वाजले. पलीकडून चक्क अध्यक्ष बायडेन यांचा आवाज! म्हणे, मंगळवारी मत देऊ नका, नोव्हेंबरसाठी राखून ठेवा. आता मत म्हणजे का लोणचं आहे, बरणीत राखून ठेवायला? मंगळवारी मत दिलं तरी नोव्हेंबरचा हक्क शाबूतच होता. पण आवाज ओळखीचा, नंबरही त्याच पक्षाच्या स्थानिक पुढारी बाईंचा दिसत होता!

दोन्ही बनावट. एका निवडणूक-सल्लागारानं संगणकाकडून आवाजाची नक्कल करवून घेतली होती. तिथल्या दूरसंचार आयोगानं पुढच्याच महिन्यात, परवानगीवाचून केलेले असे नकली आवाजाचे फोन बेकायदा ठरवले आणि सप्टेंबरमध्ये त्याला ६० लाख डॉलर दंड ठोठावला.

पाहिलंत ना, मतपेटीला कुणी हातसुद्धा लावला नाही. मतदारालाच घरी बसवायचा बेत होता. आपली मतदान यंत्रं इंटरनेटला जोडलेली नसतात, असं निवडणूक आयोग सांगतो. पण आपण तर जोडलेल्या आहोत ना! एप्रिल २०२४ मध्ये, ऐन लोकसभेच्या धामधुमीत, आमिर खान आणि रणवीर सिंग यांच्या बनावट चित्रफिती घरोघरच्या फोनवर फिरल्याच की.

तेव्हा एवढं करा. मतदानाची तारीख, केंद्र, यादीतलं नाव यांची खात्री आयोगाच्या १९५० या क्रमांकावर किंवा त्यांच्या मतदार पोर्टलवर करून घ्या, तीही आठवडाभर आधी. ‘जाऊ नका’ किंवा ‘घरबसल्या मत द्या’ असा निरोप आला, तर तो खोटाच समजा. आपल्याकडे साध्या मतदाराला फोनवरून मत देता येत नाही. मताच्या नावाखाली कुणी ओटीपी मागितला, तर सरळ फोन ठेवा. आणि भिशीच्या ग्रुपवर काही पुढे पाठवण्याआधी जरा थांबा.

दुपारी घरात एकट्या असणाऱ्या सासूबाईंनाही हे नीट समजावून सांगा, बरं का. फोन त्याच उचलतात, आणि त्यांचंही एक मत आहेच!