‘देवासाठी आहे, चालतं’ हे चालायला नको

मराठी मिस्सेत गिटारवाल्या मुलांची चूक दाखवली की आपल्याकडे एक उत्तर ठरलेलं: ‘अहो, देवासाठी वाजवतात ना, चालतं.’ आम्हां धर्मशिक्षकांना हे मुळीच पटत नाही. ३३ व्या स्तोत्रात वाद्यं कौशल्याने वाजवायला सांगितलं आहे. पहिल्या इतिहासाच्या २५ व्या अध्यायात तर मंदिरातले तयार गायक चक्क मोजले आहेत, २८८!

आमच्या मुलांना चार कॉर्ड आले की लगेच पाचवा हवा. ताल कुणालाच नको. कॉर्ड बदलताना उजवा हात थांबतो आणि मागच्या बाकावरच्या, सगळी गीतं पाठ असलेल्या आजी अडखळतात.

मुलांनो, डावा हात तारांवर नुसता टेकवून सूर बंद करा. मेट्रोनोम ६० वर लावा. फक्त खाली जाणारे स्ट्रोक द्या आणि तोंडाने मोजा. नंतर कॉर्ड चुकला तरी उजवा हात थांबवू नका. कॉर्ड चुकला तर मंडळी गात राहतात, मात्रा हरवली की गप्प होतात.

आणि दादऱ्यातल्या भजनावर चारचं स्ट्रमिंग लादणं तर पुरे झालं. दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनचा. तबलेवाल्या काकांना ते ठाऊक आहे. पण सरावाला त्यांच्याजवळ कोण बसतो? सगळे मोबाइलवरच्या गुरूंचे शिष्य!

येत्या शनिवारी गिटार पेटीतच ठेवायची. आधी दहा मिनिटं काकांच्या ठेक्यावर टाळ्या. हा बालवर्ग आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी सगळ्यांच्या आधी यावं.