जुनी गाडी घेता? आधी तिचा सातबारा पाहा! दीड-दोन लाखांत पेट्रोल गाडी घेणाऱ्यांसाठी हिशोब

रिद्धपूर : सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले, आंबिया बहाराच्या संत्र्याचा सौदा झाला की मोर्शी, चांदूरबाजार, वरुड पट्ट्यात दरवर्षी एकच चर्चा सुरू होते. "औंदा एखादी फोर व्हीलर घेऊनच टाकू." नवी गाडी परवडत नाही, म्हणून नजर जाते ती सेकंड हॅन्ड गाडीवर. मोबाईल उघडला की फोटो दिसतात, गावातला कोणीतरी ओळखीचा एजंट असतोच, आणि दोन दिवसांत सौदा ठरतो.

गाडीची गरज खोटी नाही. रिद्धपूरला महानुभाव पंथीयांची ये-जा वर्षभर असते, आता मराठी भाषा विद्यापीठही गावात आलं. पण रात्री दोन वाजता पेशंट अमरावतीला न्यायचा झाला तर एसटी कामी पडत नाही. म्हणून गाडी घ्यावी की नाही हा प्रश्नच नाही. प्रश्न हा आहे की वर्षभराच्या मेहनतीचे पैसे ज्या गाडीत घालतो, ती खरंच आपल्या नावाची होते का, आणि पुढची पाच वर्षं ती किती खाते.

बाजारात नेमकं काय बदललं?

२२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या गाड्या यात येतात. त्यावेळी मारुतीने एस-प्रेसोची सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत ३ लाख ५० हजारांच्या आत आणि अल्टो के-१० ची ३ लाख ७० हजारांच्या आत जाहीर केली. विमा, टॅक्स, पासिंग धरून रस्त्यावर येईपर्यंत आकडा वाढतो हे खरं. तरी नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरायलाच पाहिजे. पाच-सहा वर्षं जुन्या अल्टोचे कोणी तीन-सव्वातीन लाख सांगत असेल, तर त्याला नव्या गाडीचं कोटेशन दाखवा. बोलणी तिथूनच सुरू करा.

दुसरी गोष्ट जुन्या गाडीवरच्या जीएसटीची. डिसेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने जुन्या गाड्यांवरचा दर १८ टक्के केला, तेव्हा गावोगावी गैरसमज पसरला. हा कर नोंदणीकृत डीलरला लागतो, आणि तोही त्याच्या नफ्यावर, गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही. एका शेतकऱ्याने दुसऱ्या शेतकऱ्याला आपली घरची गाडी विकली तर जीएसटी लागत नाही. "वरून अठरा टक्के द्या" असं कोणी म्हणत असेल तर हात जोडा आणि पुढे चला.

आरसी म्हणजे गाडीचा सातबारा

वावर घेताना आपण काय करतो? सातबारा पाहतो, बोजा आहे का पाहतो, आणि खरेदीनंतर फेरफार होईपर्यंत तलाठ्याच्या मागे लागतो. गाडी घेताना मात्र हेच सगळं विसरून बोनेट उघडून पाहतो. गाडीचाही सातबारा असतो. आरसी हा तिचा सातबारा, त्यावर लिहिलेलं हायपोथिकेशन म्हणजे बँकेचा किंवा फायनान्सचा बोजा, आणि नाव ट्रान्सफर म्हणजे फेरफार.

पैसे देण्याआधी एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालकाचं नाव, नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि बोजा पाहा. मालकाचं नाव पूर्ण दिसत नाही, तेव्हा मूळ आरसी आणि विकणाऱ्याचं आधार कार्ड शेजारी ठेवून जुळवा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. वाहतूक पोलिसांच्या ई-चलानच्या साइटवर दंड थकला आहे का तेही तपासा. थकला असेल तर किमतीतून कापा.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती ट्रान्सफरमध्ये. "कायले टेन्शन घेता भाऊ, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून देतो, नाव पुढच्या महिन्यात करून घेऊ." हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा गाडीवाला सापडणार नाही. नोटरी केलेला कागद म्हणजे ट्रान्सफर नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३० लागतात.

हे विकणाऱ्यानेही ध्यानात ठेवावं. २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आरटीओच्या दफ्तरी ज्याचं नाव, तोच मालक. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, पण नाव पहिल्याच मालकाचं राहिलं होतं. अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच आली. म्हणजे गाडी विकून मोकळे झालो असं वाटणारा माणूस चार वर्षांनी कोर्टाची नोटीस पाहतो.

तिसरं, नंबर प्लेट. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदवलेल्या गाड्यांना महाराष्ट्रात एचएसआरपी सक्तीची आहे. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी लागतो. मुदत किती वेळा वाढली याच्या गप्पा पारावर होतात, पण खरी अडचण वेगळी आहे. ही प्लेट नसेल तर नाव ट्रान्सफर आणि बोजा उतरवणं ही कामं अडतात. विकणाऱ्याला आधी प्लेट लावायला सांगा, मग इसार द्या.

एमपी आणि दिल्ली पासिंगचा मोह

आपला भाग मध्य प्रदेशाला लागून आहे, त्यामुळे बैतूल, पांढुर्ण्याकडची गाडी वीस-तीस हजारांनी स्वस्त मिळते. दिल्लीत १५ वर्षांवरच्या पेट्रोल आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यापासून तिकडच्या गाड्याही आपल्याकडे येतात. पण परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर तिला महाराष्ट्राचा नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आणि इथला रोड टॅक्स भरावा लागतो. वाचलेले वीस हजार तिथेच जातात, वरून चकरा वेगळ्या. शक्यतो एमएच-२७, नाहीतर अकोल्याची एमएच-३० बघा. मालकाचं घर, गाव आणि गाडी चालवायची पद्धत विचारता येते, हा फायदा मोठा आहे.

स्वस्त गाडी महाग कशी पडते

पेट्रोल गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर फिटनेस पास करून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५ हजार रुपये झाली. त्यावर पर्यावरण कर वेगळा, आणि गाडी पास व्हावी म्हणून लागणारं डेंटिंग, टायर, लाइट, सायलेन्सरचं काम वेगळं.

उदाहरणाचा हिशोब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या मिस्त्रीचे दर घालून पाहा. २०११ ची गाडी १ लाख २० हजारांना घेतली. पहिल्याच वर्षी टायर, बॅटरी, क्लच, शॉकअप मिळून ४५ हजार, नूतनीकरण आणि कर धरून १० हजार. एकूण पावणेदोन लाख. पाच वर्षांनी ती भंगाराच्या भावात, समजा ३० हजारांना गेली. म्हणजे खर्च १ लाख ४५ हजार. दुसरीकडे २०१७ ची गाडी २ लाख १० हजारांना घेतली, २० हजार दुरुस्तीला लागले आणि पाच वर्षांनी ती १ लाखाला विकली. खर्च १ लाख ३० हजार. पहिली गाडी घेताना ९० हजार वाचल्यासारखे वाटले, शेवटी उलट १५ हजार जास्त गेले. गॅरेजच्या चकरा तर धरल्याच नाहीत.

"पण दोन लाख आहेत कुठे?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर कर्ज काढा असं नाही. पीककर्जाला किंवा पुढच्या हंगामाच्या बियाण्याच्या पैशाला तर हातही लावू नका. बजेट दीड लाखच असेल तर मोठ्या जुन्या गाडीऐवजी लहान आणि कमी वयाची घ्या. त्याच पैशात जुनी स्विफ्ट मिळत असेल आणि तिच्यापेक्षा चार-पाच वर्षं नवी अल्टो मिळत असेल, तर रुबाब बाजूला ठेवून अल्टो घ्या.

चालवण्याचा खर्चही मांडा. वर्षाला ६ हजार किलोमीटर, १६ चं ॲव्हरेज आणि लिटरचा भाव १०५ रुपये धरला तर पेट्रोलचे ३९ हजार होतात. थर्ड पार्टी विम्याचा जून २०२२ पासूनचा दर १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये आणि १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये, वर जीएसटी. एवढ्या कमी फिरण्यासाठी डिझेलच्या मागे लागू नका. जुन्या डिझेलचं पंप-इंजेक्टरचं काम निघालं तर पेट्रोलमध्ये वाचवलेलं सगळं एका झटक्यात जातं.

कोणती गाडी?

जिचे पार्ट चांदूरबाजार-मोर्शीत मिळतात आणि जी गावचा मिस्त्री डोळे झाकून खोलतो, ती. म्हणून अल्टो, वॅगन-आर, सेलेरिओ, स्विफ्ट यांना आपल्याकडे भाव जास्त आहे, पण विकतानाही तो मिळतो. ह्युंदाईची आय-टेन, ग्रँड आय-टेन आणि २०१८ नंतरची सँट्रो, टाटाची टियागो यांचाही विचार करा. जुन्या ८०० सीसी अल्टोला टायमिंग बेल्ट असतो. तो कधी बदलला ते विचारा.

शेवरलेने २०१७ च्या शेवटी भारतात विक्री बंद केली, फोर्डने २०२१ मध्ये कारखाने बंद करत असल्याचं जाहीर केलं, डॅटसन २०२२ मध्ये थांबली. बीट, फिगो, गो या गाड्या त्यामुळेच स्वस्त दिसतात. गाडी वाईट असेलच असं नाही, पण एखाद्या पार्टसाठी नागपूरपर्यंत जावं लागलं तर ती स्वस्ताई काय कामाची?

जमत असेल तर १ जुलै २०१९ नंतर बनलेली गाडी पाहा. त्या तारखेपासून ड्रायव्हरची एअरबॅग, सीट बेल्टचा इशारा आणि रिव्हर्स सेन्सर सक्तीचे झाले. एबीएस ब्रेक एप्रिल २०१९ पासूनच आले होते. घरची माणसं बसवायची आहेत, एवढा फरक पैशात मोजू नये.

ई-२० पेट्रोलबद्दलही विचारणा होते. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या त्यासाठी बनलेल्या आहेत. केंद्राच्या २०२१ च्या अहवालानुसार ई-१० साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्के कमी होऊ शकतं. काही जुन्या गाड्यांत रबरी पाइप आणि गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात, असं सरकारनेच म्हटलं आहे. त्यामुळे दहा वर्षांवरची गाडी घेताना पेट्रोलचा पाइप पाहायला मिस्त्रीला सांगा.

पाहायला जाताना

सकाळी जा आणि "गाडी चालू करू नका" असं आधीच सांगा. बोनेटला हात लावा, गरम असेल तर समजून घ्या की काहीतरी लपवलं जातंय. थंड इंजिन चालू करताना निळा धूर आला तर ऑइल जळतंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला तर पाणी आत जातंय, सौदा सोडा.

सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा आणि मॅट उचला. गाळाचा डाग किंवा ओलसर वास असेल तर गाडी पुरात बुडलेली आहे. दाराचं रबर ओढून वेल्डिंग पाहा. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटरवर ३० हजार किलोमीटर दिसतंय आणि क्लचचा पेडल झिजून गुळगुळीत झालाय, असं असेल तर मीटर मागे फिरवलंय. शोरूममध्ये सर्व्हिस झाली असेल तर तिथून रेकॉर्ड मागा.

गॅसचं किट असेल तर ते आरसीवर चढवलेलं पाहिजे. घरगुती सिलिंडरवर चालणारी गाडी कितीही स्वस्त असो, दारातही उभी करू नका. एक स्पार्क पुरेसा आहे.

मिस्त्री मात्र आपला न्या आणि त्याची मजुरी आपणच द्या. विकणाऱ्याकडून कमिशन घेणारा मिस्त्री कोणत्याच गाडीत खोट काढत नाही.

पैसे आणि नाव एकाच वेळी

इसार थोडा द्या, तोही लिहून घेऊन. बाकी रक्कम बँकेतून पाठवा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि बँकेची नोंद पुढे पुरावा म्हणून कामी येते. ट्रान्सफरचा अर्ज परिवहनच्या पोर्टलवर भरून त्याची पावती हातात आली की मगच शेवटचा हप्ता द्या. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, त्यामुळे थोडे पैसे जास्त भरावे लागतील. जुना फास्टॅग काढून नवा घ्या.

विकणारा यातल्या एकाही गोष्टीला "विश्वास नाही का?" म्हणून फाटे फोडत असेल, तर गाडी कितीही कड्डक दिसो, निघून या. हंगामाच्या दिवसांत घेणारे जास्त म्हणून भाव चढतात. उन्हाळा लागला, पेरणीची चाहूल आली की तीच गाडी पुन्हा विकायला दिसते, आणि तेव्हा बोलणी आपल्या हातात असतात.